बटवड्याची गोष्ट : तारेपासून ई-पोस्टपर्यंत, ठाण्यापासून कल्याणपर्यंत

तारखात्याकडे शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांची एक यादी असे. प्रत्येक वाक्याला क्रमांक, आणि त्या यादीत पहिला क्रमांक दिवाळीच्या शुभेच्छांचा. पाठवणाऱ्याने फॉर्मवर पत्ता लिहायचा, आपले नाव लिहायचे आणि १ हा आकडा लिहायचा. तारेतून तेवढा आकडाच पुढे जायचा. पलीकडच्या कार्यालयातला कारकून यादी पाहून त्या आकड्याचे पूर्ण वाक्य करायचा, ते कागदावर उतरवायचा, आणि मग एक माणूस तो कागद घेऊन पत्ता शोधत निघायचा. म्हणजे शुभेच्छा अर्ध्या वाटेवर वीज असायच्या आणि उरलेल्या वाटेवर कागद.

तारेची ही जोडवाट आपण विसरलो आहोत. तार म्हटली की आपल्याला 'कट्ट कडकट्ट' आठवते, दारात आलेला माणूस पाहून घरातल्यांच्या पोटात पडणारा गोळा आठवतो. पण एका साधनातून निघालेला निरोप दुसऱ्या साधनात बदलून माणसापर्यंत नेणारी व्यवस्था म्हणून तारेकडे क्वचितच पाहिले जाते. आजच्या भाषेत अशा व्यवस्थेला 'गेटवे' म्हणतात. ई-मेल पाठवावा आणि तो समोरच्याच्या मोबाइलवर एसएमएस होऊन उतरावा. फॅक्स करावा आणि तो ई-मेलच्या पेटीत पडावा. संगणकावर पत्र लिहावे आणि ते पाकिटात घालून पोस्टमनने द्यावे. या सगळ्या सेवा तारेच्याच वंशातल्या आहेत. ठाणे-कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातल्या दळणवळणाच्या खुणा जमवताना मला या वंशावळीत एक धागा सतत दिसत गेला, आणि हा लेख त्या धाग्याबद्दल आहे. निरोप पोचवण्याची जबाबदारी कोणाची, हा तो धागा. पाठवणाऱ्याची, मधल्या खात्याची, की ज्याच्यासाठी निरोप आहे त्याची?

आधी जागेबद्दल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रूळ कल्याणपर्यंत पोचले. त्याच सुमारास मुंबई तारेने कोलकाता, आग्रा आणि मद्रासशी जोडली जात होती, आणि १८५५ पासून सामान्य माणसाला पैसे भरून तार करता येऊ लागली. डाकेच्या पिशव्या रुळांवरून आणि शब्द तारेतून जाण्याचा हा काळ. कल्याण हे पुढे पुण्याकडे आणि नाशिककडे जाणाऱ्या फाट्यांचे जंक्शन झाले.

याच कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, हे आपण चरित्रात वाचतो आणि पुढे जातो. पण आनंदीबाईंच्या परदेशगमनाची वाट जिथून उघडली, ती गोष्ट टपालाचीच आहे. गोपाळरावांनी कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले. वाइल्डर यांनी ते आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' या नियतकालिकात छापले. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते वाचले आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. हस्तलिखित पत्राचा छापील मजकूर झाला आणि छापील मजकुराचे पुन्हा पत्र झाले. साधन दोनदा बदलले, निरोप मात्र पोचला. कारण दर टप्प्यावर तो पुढे नेणारे कोणीतरी होते.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्यामागचे डोके एका मराठी माणसाचे: टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. या सहा आकड्यांनी आपल्या पट्ट्यात एक रेघ ओढली. ठाणे शहराला मुंबईचा ४०० हा आरंभ मिळाला, म्हणून ठाणे ४००६०१. डोंबिवली आणि कल्याण मात्र ४२१ मध्ये गेले. डोंबिवली पूर्व ४२१२०१, कल्याण ४२१३०१. टेलिफोननेही हीच रेघ गिरवली. १९८६ साली मुंबई आणि दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. ठाणे त्याच्या हद्दीत आले, कल्याण-डोंबिवली दूरसंचार खात्याकडे आणि २००० सालानंतर बीएसएनएलकडे राहिले. ठाण्याचा कोड ०२२, आमचा ०२५१. रोज सकाळी लोकलला लोंबकळून जी माणसे मुंबईत कामाला जात, त्यांच्या घराहून त्यांच्या कचेरीला केलेला फोन मात्र एसटीडी होता. ठाणे आणि डोंबिवली यांच्या मधे कुठेतरी ही न दिसणारी वेस होती.

मी डोंबिवलीत वाढलो त्या काळात घरी फोन असणे ही मिरवण्याची गोष्ट होती. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बाकीच्यांचे भागायचे 'पी. पी.' नंबरवर. लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर, नोकरीच्या अर्जावर शेजाऱ्याचा नंबर आणि पुढे कंसात पी. पी. शेजारच्या काकूंनी फोन उचलायचा, गॅलरीत येऊन हाक मारायची, किंवा नुसता निरोप लिहून ठेवायचा. तारयंत्राचे टोक आणि माणसाचे दार यांच्यामध्ये खात्याचा पगारी माणूस होता. फोनचे टोक आणि आमचे दार यांच्यामध्ये बिनपगारी काकू होत्या. तरी तत्त्व तेच. ज्याला निरोप आहे त्याच्याकडे यंत्र असायलाच हवे अशी अट कोणीही घातली नव्हती.

याच काळात, १९८५ साली, एक मोठा बदल झाला आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९१४ पासून टपाल आणि तार ही एकाच खात्याची दोन अंगे होती. 'पोस्ट अँड टेलिग्राफ' हे एकाच पाटीवर लिहिलेले असे. १९८५ मध्ये खाते दुभंगले: टपाल एकीकडे, दूरसंचार दुसरीकडे. विजेने जाणारा शब्द एका घरात गेला आणि पत्त्यापर्यंत चालत जाणारा माणूस दुसऱ्या घरात राहिला. लहान गावांत पोस्टातूनच तारेचा बटवडा चालू राहिला, पण तो आता दुसऱ्या खात्यासाठी केलेले काम होता. माझ्या मते, पुढे जे ई-पोस्ट आले ते समजून घ्यायचे तर या फाळणीपासून सुरुवात करावी लागते.

ई-मेल आपल्याकडे आधी संशोधन संस्थांत आला. १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' या जाळ्यात मुंबईतल्या आयआयटी आणि जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था होती. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुले केले. वर्षाचे शुल्क हजारांत, वेग मुंगीचा, आणि वर फोनचे बिल वेगळे. घरोघरी ते येणे शक्यच नव्हते. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यानंतर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना सायबर कॅफे उघडले. डोंबिवलीतली मुले तोवर सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी बंगळुरू, हैदराबाद, अमेरिका गाठू लागली होती. मागे राहिलेल्या आई-वडिलांसाठी मग एक नवीच प्रथा पडली. कॅफेतला मुलगा आजोबांच्या नावाने खाते उघडून द्यायचा, आठवड्यातून एकदा आलेला ई-मेल छापून द्यायचा, आणि आजोबांनी कागदावर लिहून आणलेले उत्तर टाइप करून पाठवायचा. मुंबईच्या जीपीओजवळ बसणारे पत्रलेखक जे काम गावाकडून आलेल्या कामगारांसाठी करत, तेच हा मुलगा निवृत्त हेडमास्तरांसाठी करत होता. अक्षरओळख असूनही माणूस साधनापुढे निरक्षर ठरू शकतो, हे त्या दिवसांत पहिल्यांदा दिसले.

त्यात मराठीची वेगळीच अडचण. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये लिहिला तोच फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकावर असावा लागे. 'श्रीलिपी'त किंवा 'शिवाजी'त लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की कंस, उद्गारचिन्हे आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसे. म्हणून आई-मुलगा एकमेकांना रोमन लिपीत मराठी लिहू लागले. कागदावर छापून आलेल्या पत्राला मात्र ही अडचण नव्हती. कागदाला फॉन्ट लागत नाही.

आणि इथेच ई-पोस्ट येते. ३० जानेवारी २००४ रोजी भारतीय टपाल खात्याने ही सेवा सुरू केली. पोस्टाच्या काउंटरवर आपला मजकूर द्यायचा. तो टाइप केलेला असो वा हाताने लिहिलेला, स्कॅन करून पुढे जाई. इंटरनेट असणाऱ्याला घरूनही पाठवता येई. ज्या गावी निरोप जायचा तिथल्या किंवा जवळच्या केंद्रात तो छापला जाई, पाकिटात घातला जाई आणि नेहमीच्या टपालाबरोबर पोस्टमन त्याचा बटवडा करी. एका ए-फोर पानाला दहा रुपये. एकाच वेळी पन्नास किंवा अधिक पत्त्यांवर पाठवणाऱ्या कंपन्यांना पानामागे सहा रुपये. पाठवणाऱ्याकडे ई-मेल असला-नसला तरी चालेल, आणि घेणाऱ्याकडे पत्ता सोडून काहीच नसले तरी चालेल.

माझी आत्या डोंबिवली पूर्वेला राहायची. तिच्या पंचाहत्तरीला तिच्या मुलाने बंगळुरूहून ई-पोस्ट पाठवले होते. हाताने लिहिलेले मराठी पान, स्कॅन होऊन, छापून, पाकिटातून आलेले. मुलाचे अक्षर तिला ओळखता आले. आज ते पान माझ्याकडे आहे. शाई थोडी विटली आहे, पण त्याच काळातले तिचे ई-मेल खाते आणि त्यातले सगळे काही नाहीसे झाले आहे.

१९८५ ला तुटलेले दोन तुकडे ई-पोस्टने पुन्हा जोडले, असे मला वाटते. टपाल खात्याची तार दुसऱ्या घरी गेली होती. इंटरनेटच्या रूपाने त्याने नवी तार आणली आणि आपल्या पोस्टमनला जोडली. ही कल्पना जगात पहिली नव्हती. अमेरिकेच्या टपाल खात्याने जानेवारी १९८२ मध्ये 'ई-कॉम' नावाची अशीच सेवा सुरू केली होती. कंपन्यांच्या संगणकावरून आलेला मजकूर पंचवीस ठरावीक पोस्टांत छापला जाई आणि दोन दिवसांत घरपोच होई. एका वेळी किमान दोनशे पत्रे पाठवावी लागत, म्हणजे सामान्य माणसाला ती बंदच होती. तोटा सोसत ती १९८५ मध्ये बंद पडली. आपल्या ई-पोस्टचे वेगळेपण हे की त्यात एका पानाचीही किंमत होती आणि एका आजीसाठीही जागा होती.

मग ती रुजली का नाही? मजकूर मधल्या कर्मचाऱ्याच्या नजरेखालून जाई, हा एक आक्षेप घेतला जातो. पण तारही कारकून वाचतच असे, आणि पोस्टकार्ड तर वाटेतला कोणीही वाचू शके. खरे कारण मोबाइल. १९९५ साली मुंबईत पेजर आणि मोबाइल जवळजवळ बरोबरच आले. पेजर हाही एक सांधाच होता: आपण ऑपरेटरला फोन करायचा, निरोप तोंडी सांगायचा, तो टाइप करणार आणि समोरच्याच्या कमरेला अक्षरे उमटणार. मोबाइलच्या परवान्यांत मुंबई विभागाची व्याख्या करताना मुंबई आणि नवी मुंबईबरोबर कल्याण टेलिफोनची हद्दही धरली गेली, आणि ती जुनी वेस खिशातल्या फोनपुरती पुसली गेली. मुंबईतल्या मोबाइल कंपन्यांनी प्रत्येक क्रमांकाला ई-मेलसारखा पत्ता दिला. त्या पत्त्यावर ई-मेल पाठवला की तो एसएमएस होऊन येई.

मात्र या पुलावरून मराठी जाताना तिला जास्त टोल भरावा लागे. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची फक्त ७०. एका संदेशाची जागा १४० बाइट्सची. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, देवनागरी चिन्हाला सोळा लागतात. आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी मोजली जाते. शिवाय आरंभीच्या काळात येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते मे २००३ मध्ये थांबले. ई-पोस्टचा जन्म त्यानंतर अवघ्या आठ-नऊ महिन्यांत झाला, म्हणजे मोबाइल स्वस्त होऊ लागला नेमका तेव्हा. पुढे हातोहाती स्मार्टफोन आले, १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली, आणि दोन साधने जोडणाऱ्या पुलांची गरजच संपली असे सर्वांनी गृहीत धरले.

माझा मतभेद इथे आहे. पूल मोडले तेव्हा दोन्ही काठ एक झाले नव्हते. फक्त पलीकडे कोणी राहते, हे मोजणे आपण सोडून दिले.

हे कायद्याच्या आरशात स्वच्छ दिसते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ८८ नुसार, तार कार्यालयातून आलेला मजकूर हा पाठवणाऱ्या कार्यालयात दिलेल्या मजकुराशी जुळतो असे न्यायालय मानू शके. पण तो नेमका कोणी दिला याबद्दल काही गृहीत धरता येत नसे. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर त्यात कलम ८८-अ आले आणि जवळजवळ त्याच शब्दांत ई-मेललाही तोच नियम लागू झाला. तारेचा वारस कोण, हे कायद्याने असे सांगून टाकले. पण पोच म्हणजे काय, याबाबत दोन वाटा झाल्या. १८९७ च्या सामान्य परिभाषा कायद्यानुसार बरोबर पत्ता घातलेले, तिकीट लावलेले रजिस्टर पत्र पाठवले तर ते मिळाले असे मानतात. कारण ते दारापर्यंत नेण्याचे काम पोस्टमनवर सोपवलेले असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ नुसार, माणसाने कळवून ठेवलेल्या संगणकीय पत्त्यात संदेश शिरला की तो मिळाला. मग तो त्याने पाहिला असो वा नसो. दार उघडून पाहण्याचे काम आता ज्याचे पत्र आहे त्याचे.

जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस मिळाल्याचे मान्य केले, कारण निळ्या खुणा ती पोचल्याचे आणि उघडल्याचे दाखवत होत्या. निदान तिथे 'उघडली' याला महत्त्व होते. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरून नोटिसा पाठवायला मुभा दिली. पण जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून देऊ नये; कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच द्यावी. जिथे माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे तिथे न्यायालय पुन्हा दारापाशी आले.

पण सगळेच प्रश्न न्यायालयात जात नाहीत. आमच्या इमारतीतल्या ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची आरोग्य विम्याची पॉलिसी मुदतीत न भरल्याने गेली. कंपनीचे म्हणणे, सूचना ई-मेलवर तीनदा पाठवली. ते खरेही होते. तो ई-मेल नातवाने कधीकाळी फॉर्म भरताना उघडलेला. नातू कॅनडात, पासवर्ड त्याच्याकडे. पत्ता मात्र तीस वर्षे तोच, ४२१२०१, आणि त्या पत्त्यावर पोस्टमन रोज येतो. एक छापील पान आले असते तर पुरले असते.

गंमत अशी की पोस्टमन पुलाचे काम पुन्हा करू लागला आहे, फक्त आता उलट्या दिशेने. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली तो 'जीवन प्रमाण' या नावाने संगणकावर गेला. बँकेत जाऊन यंत्रावर बोट टेकवणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२० पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन यंत्र घेऊन घरी येतो, सत्तर रुपये घेतो आणि माणूस जिवंत असल्याचे संगणकाला कळवतो. पूर्वी संगणकाचा निरोप माणसाकडे जाई; आता माणसाचा निरोप संगणकाकडे जातो. आपण जिवंत आहोत हे सांगण्यासाठी पोस्टमन घरी येतो, तर आपला विमा संपतो आहे हे सांगण्यासाठी का येऊ नये?

त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. साठी ओलांडलेल्या किंवा लेखी मागणी करणाऱ्या प्रत्येकाला, हक्कांवर परिणाम करणारी सूचना ई-मेलबरोबर छापून घरपोच द्यावी, एवढा नियम पुरेल. छापणे, पाकिटात घालणे आणि बटवडा करणे हे आपल्या टपाल खात्याने २००४ सालीच दहा रुपयांत करून दाखवले आहे. आपल्या ग्राहक पंचायती, ज्येष्ठ नागरिक संघ आणि गृहनिर्माण संस्था यांनी ही मागणी उचलावी, असे मला वाटते. ठाणे-डोंबिवलीत अशा संस्थांना तोटा नाही.

आणि वाचकांना एक विनंती. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पेटीत जुनी तार, ई-पोस्टचे पान किंवा कॅफेत छापून आणलेला ई-मेल सापडला तर रद्दीत घालू नका. मागे तारीख, कोणी पाठवला, कोणाला आला आणि घरात कोणी वाचून दाखवला हे पेन्सिलीने लिहून ठेवा. पोस्टाच्या शिक्क्यावरून दिवस कळतो, पण कोणाच्या हाताने निरोप दारात आला हे शिक्का सांगत नाही, आणि ते सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत.